वाचक विचारतात: बूट काढले, माइक घेतला

प्रश्न: ताई, फुटबॉल वर्ल्डकपच्या वेळी बीबीसीच्या क्लिप्समध्ये ॲलेक्स स्कॉट, इंग्लंडची माजी फुटबॉलपटू, बोलताना दिसली की आमच्याकडे वाद ठरलेलाच. दादा म्हणतो, बाई हवी म्हणून हिला बसवलंय. मी कॉलेजच्या टीममधून खेळते, पुढे कॉमेंट्री, स्टेजवर बोलणं असं काहीतरी करायचं डोक्यात आहे, पण माझं बोलणं शुद्ध नाही असं सगळेच ऐकवतात. ही तिथपर्यंत पोचली कशी?

उत्तर: दादाला आधी एप्रिल २००७ ची एक मॅच सांग. यूएफा विमेन्स कप, म्हणजे युरोपातल्या महिला क्लबांची स्पर्धा, तिची दोन मॅचची (लेगची) फायनल, पहिला लेग स्वीडनमध्ये, समोर ब्राझीलची स्टार मार्ता असलेली उमेओ या स्वीडिश क्लबची टीम, स्कोअर ०-० आणि इंज्युरी टाइम चालू. तेव्हा लंडनच्या आर्सेनल क्लबच्या या राइट बॅकने, म्हणजे उजवीकडच्या डिफेंडरने, लांबून जो शॉट हाणला तो थेट जाळ्यात. दुसरा लेग ०-० सुटला, म्हणजे दोन्ही मॅच मिळून गोल एकच आणि तो हिचा. इंग्लंडकडून १४० मॅच खेळलीय ती. आणि एवढं असून क्लबमध्ये पगारासाठी काम कुठलं, तर लॉन्ड्रीत, पुरुषांच्या टीमचे मळके कपडे धुवायचं! हे वाचलं की माझा अजून संताप होतो.

टीव्हीचं काम तिला नावावर मिळालं असंही नाही बरं का. खेळत असतानाच तिने स्टॅफर्डशायर युनिव्हर्सिटीतून स्पोर्ट्स रायटिंग आणि ब्रॉडकास्टिंगची डिग्री घेतली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण खेळता येणं वेगळं आणि कानात प्रोड्यूसर बोलत असताना समोरच्याला तीस सेकंदांत डिफेन्सची लाइन कुठे फाटली ते समजावणं वेगळं. २०१८ मध्ये क्लब फुटबॉल थांबवलं आणि त्याच वर्षी रशियाच्या वर्ल्डकपला ती बीबीसीची पंडित, म्हणजे मॅचचं विश्लेषण करणारी, पुरुषांच्या वर्ल्डकपला त्यांनी बसवलेली पहिली बाई. मग २०२१ मध्ये फुटबॉल फोकस, बीबीसीचा १९७४ पासूनचा फुटबॉलचा कार्यक्रम, त्याची पहिली कायमची महिला प्रेझेंटर. स्पोर्ट्स पर्सनॅलिटी ऑफ द इयर या बीबीसीच्या क्रीडा पुरस्कार सोहळ्यात भरल्या हॉलसमोर सूत्रसंचालनही करते.

आता तुझ्या बोलण्याचं. टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी डिग्बी जोन्स नावाच्या ब्रिटनच्या माजी मंत्र्यांनी जाहीर तक्रार केली की ही इंग्रजी शब्दांचा शेवटचा 'ग' (g) खाते, सगळी मजा घालवते. तिने काय केलं, तर सरळ लिहिलं की मी पूर्व लंडनच्या पॉपलरमधल्या कामगार घरातली आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. उच्चार बदलले नाहीत, काम चालू ठेवलं. २०२२ ला कतारमध्येही तेच, भेदभावाविरुद्धचा वनलव्ह नावाचा आर्मबँड घातला तर यलो कार्ड, अशी धमकी फिफाने कॅप्टन लोकांना दिली म्हणून युरोपातल्या सात टीम मागे हटल्या, आणि ही इंग्लंड-इराण मॅचला मैदानाच्या कडेला तोच आर्मबँड दंडावर बांधून लाइव्ह उभी. पटो न पटो, बोलायला उभं राहायचं म्हणजे हिंमत लागतेच.

तर शुद्ध-अशुद्धची काळजी सोड, तयारीची कर. एखादी मॅच म्यूट करून मोबाईलवर स्वतःची कॉमेंट्री रेकॉर्ड कर. "काय पास दिला!" एवढ्यावर थांबू नको, तो पास निघायच्या आधी कोण धावलं, कोणी मार्किंग सोडलं, जागा कुठे झाली ते सांग, तू खेळाडू आहेस, तुला ते आतून दिसतं आणि तीच तुझी जमेची बाजू. दुसऱ्या दिवशी ऐक, कुठे अडखळतेस, कुठे तेच तेच बोलतेस ते कळेल. स्टेजची सवय म्हणशील तर टीमच्या नव्या मुलींना मॅचआधी पाच मिनिटं प्लॅन समजावायचं काम कॅप्टनकडून मागून घे. आणि कोर्स करता आला तर खेळ चालू असतानाच कर, रिटायर व्हायची वाट बघत बसू नको.