ट्यूशन लावूनही मार्क का पडत नाहीत?

येळ्ळूरकडची एक आई नववीतल्या मुलीला घेऊन आली. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. "मॅडम, पैसे भरतोय, पोर रोज जातीय, तरी कन्नडात मार्क पडेनात. दुसरी ट्यूशन लावू काय ट्यूशनच बंद करू?" बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतल्या मुलांचे पालक हेच फिरून फिरून विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बाजारात ही मुलगी कन्नड सहज बोलते. वर्गात वाचायला उभं केलं की मात्र आवाज निघत नाही. एकदा अडखळली, पोरं हसली, तेव्हापासून तिनं मागचा बाक धरला.

मी तिच्यापुढं चौथीचं कन्नड पुस्तक ठेवलं. साधी अक्षरं तिनं नीट वाचली. ओत्ताक्षर आलं, म्हणजे मूळ अक्षराखाली लिहायचं जोडाक्षर, की ती अंदाजानं शब्द ठोकून द्यायची. लिहिताना ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए', 'ओ' यांत गोंधळ. कन्नडात ही अक्षरं वेगवेगळी आहेत, मराठीत तो भेद नाही. आपल्या मुलांना तो मुद्दाम ऐकवून शिकवावा लागतो. 2020 साली कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा ही चौथीत होती. जे तेव्हा पक्कं व्हायचं ते राहूनच गेलं, आणि पुढची प्रत्येक इयत्ता त्यावरच चढत गेली.

तिच्या ट्यूशनला चाळीसेक मुलं. तिथं नववीचे धडे आणि तयार उत्तरं. म्हणजे शाळेत जे कळलं नाही तेच संध्याकाळी पुन्हा. अशा बॅचवर खर्च करू नका, असं मी पालकांना स्पष्ट सांगते.

गल्लीतच एक निवृत्त कन्नड शिक्षिका होत्या. त्यांच्याकडे तीनच मुलं, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला नववीचं पुस्तक उघडायचंच नाही, असं ठरलं. वडिलांना ते पटेना. "नववीच्या पोरीला चौथीचं पुस्तक? लोक काय म्हणतील?" पण बाईंनी हळुवार सांभाळून घेतलं. रोज थोडं मोठ्यानं वाचन, दहा शब्दांचं श्रुतलेखन, चुकलेले शब्द वेगळ्या वहीत. येता-जाता बसच्या पाट्या वाचायच्या. चुकलं तर हसायला तिथं कोणी नव्हतं, आणि माझ्या मते निम्मं काम त्यानंच केलं.

सहामाहीत मार्क जेमतेम वाढले. आई पुन्हा काळजीत. मी विचारलं, वर्गात वाचते काय? तर म्हणाली, परवा आपणहून उभी राहिली म्हणे. मला मार्कांपेक्षा हे महत्त्वाचं वाटलं. नुसतं "घाबरू नकोस" म्हणून मुलांची भीती जात नाही. वाचता यायला लागलं की जाते. पुढं ती विज्ञानाच्या तासालाही शंका विचारू लागली.

आता आईचा प्रश्न वेगळा आहे: एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेपर्यंत, ट्यूशन चालूच ठेवायची काय? मी आठवड्यातून एक दिवस सुचवलाय. त्या दिवशी काय विचारायचं ते मुलीनं घरून लिहून न्यायचं. विचारायला काही उरलं नाही की तोही दिवस बंद.