लोट्याची कायम नोकरी सोडून तळोज्याला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत तुम्ही कायम प्लांट ऑपरेटर आहात, सेवा 4 वर्षे 9 महिने. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 22,000, हातात 33,000 पडतात. चिपळूणजवळ खेर्डीला स्वतःचं घर, घरी आई, मुलगी दुसरीत, बायको बालवाडीत शिकवते, तिचे 9,000. नवी मुंबईजवळच्या तळोज्याच्या एका कंपनीने शिफ्ट इन्चार्जचं पद आणि वर्षाला 7 लाख 20 हजारांचं पॅकेज देऊ केलंय, पण महिन्याभरात हजर व्हा म्हणतात.

या आकड्यावर आणि या तारखेला माझं उत्तर ‘नको’ आहे. मात्र आकडा आणि तारीख दोन्ही बदलून घेता येतात.

आधी पॅकेज फोडू. 7,20,000 म्हणजे महिन्याला 60,000, आणि तुमच्या डोक्यात आत्ता ‘33 चे 60’ असं बसलंय. त्यांच्याकडून पगाराची फोड लेखी मागवा. अशा पॅकेजात सहसा मूळ पगार निम्मा असतो, म्हणजे 30,000. कंपनीच्या वाट्याचा पीएफ मूळ पगाराच्या 12 टक्के, 3,600, तो याच 60,000 मधला. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची, तरतूद मूळ पगाराच्या 4.81 टक्के, म्हणजे 1,443, तीही यातलीच. परफॉर्मन्सवर अवलंबून असलेला भाग एकूण 60,000 च्या 10 टक्के धरा, 6,000, तो वर्षाअखेरीस मिळाला तर मिळाला. गटविम्याचे 500. उरले 48,457. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 3,600 आणि व्यवसाय कर 200 वजा केला की हातात 44,657. पीएफ तुमचाच आहे, मान्य, पण त्यातून दुधवाल्याचं बिल भागत नाही. म्हणजे खरी वाढ 27,000 नाही, साडेअकरा हजारांच्या आसपास आहे.

आता खर्च. सगळं कुटुंब नेलंत तर बायकोचे 9,000 पहिल्या महिन्यापासून बंद. कळंबोली-तळोजा पट्ट्यात भाडं 10,000 धरू. नक्की आकडा तिथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारा, दलालाला नको, आणि डिपॉझिट वेगळं लागेल. शाळेची फी, पाणी, भाजी, गावी येणं-जाणं यांचे जादा 4,000. बेरीज 23,000. म्हणजे हातात 56,000 पडले तर तुम्ही आत्ता आहात तिथेच राहाल, आणि ते 44,657 देताहेत. एकटे गेलात तर खोलीतला वाटा, मेस आणि महिन्याला दोन फेऱ्या मिळून साडेनऊ हजार सहज जातात. उरतात दोन हजार आणि काहीशे रुपये. घरचा भात, नारळ, परसातली भाजी, कंपनीची बस, कँटीन, दिवाळीचं सानुग्रह हे पगाराच्या चिठ्ठीत कुठेच नसतं, सुटल्यावर कळतं. घर बंद ठेवायचा विचार असेल तर तोही सोडा. कोकणातल्या पावसात बंद घराची कौलं आणि वासे चार महिने कुणी बघितले नाहीत तर वाळवीचंच फावतं.

तारखेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. ग्रॅच्युइटीला पाच वर्षे पूर्ण लागतात. हिशोब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षे. तुमच्या बाबतीत 22,000 × 15 ÷ 26 × 5, म्हणजे 63,461 रुपये. तुमची नोटीस दोन महिन्यांची आहे. आज राजीनामा देऊन पूर्ण नोटीस भरलीत तर शेवटचा दिवस 4 वर्षे 11 महिन्यांवर येतो, एक महिना कमी. आणि तळोजावाले म्हणतात तसं ‘नोटीसचे पैसे आम्ही भरू, तुम्ही लवकर या’ हे ऐकलंत तर 4 वर्षे 10 महिन्यांवरच बाहेर. शेवटच्या वर्षात 240 दिवस भरले की पाच वर्षे धरावीत असे काही न्यायालयीन निर्णय आहेत, पण कंपनीने हुज्जत घातली तर दाव्यासाठी खेटे तुम्हालाच घालावे लागतील. त्यापेक्षा राजीनामाच महिना-सव्वा महिना उशिरा द्या, म्हणजे शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पुढे जाईल. त्यांना माणूस खरंच हवा असेल तर ते थांबतील. थांबत नसतील तर तेवढीच रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून पत्रात लिहून मागा. नोटीसचे पैसे भरणाऱ्या कंपन्या बहुधा ‘वर्षाच्या आत सोडल्यास वसूल करू’ अशी ओळ घालतात, ती शोधा.

एक उलटी बाजूही बघा. लोट्याची नोकरी ‘कायम’ म्हणजे किती कायम? पीएफचं पासबुक उघडा. मागच्या महिन्याचा पीएफ 15 तारखेपर्यंत भरायचा असतो; नोंदीत सलग दोन-तीन महिन्यांची भोकं दिसली तर कंपनीच्या खिशात पैसा नाही असं समजा. ओव्हरटाइम आटलाय का, तीन पाळ्यांच्या दोन झाल्यात का, निवृत्त झालेल्याच्या जागी ठेकेदाराचा माणूस येतोय का, युनियनचा पगारकरार संपून किती महिने झाले? केमिकलमध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाची बंदची नोटीस हाही धोका आहे. सांडपाण्यावरून आधी एकदा येऊन गेली असेल तर दुसरी यायला वेळ लागत नाही. यातल्या तीन गोष्टी जुळल्या तर माझं ‘नको’ बाजूला ठेवा आणि तळोजा कमी पैशातही घ्या.

नाहीतर सेवेचा एक फायदा सोडू नका. कामगारकपात झाली तर त्याच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, हा कायद्याचा सर्वसाधारण नियम. लोट्यात तुमच्यामागे पाच वर्षांची रांग आहे, तळोज्यात तुम्ही रांगेच्या शेवटाला. त्यात ते तुम्हाला शिफ्ट इन्चार्ज करताहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्ये, देखरेखीचं काम आणि 18,000 हून जास्त पगार असेल तर माणूस ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर जातो. म्हणजे पद मोठं, पण कपातीच्या वेळचं कायद्याचं छत्र गेलं. पद नाकारा असं म्हणत नाही, त्याची किंमत पगारात वसूल करा.

अपॉइंटमेंट लेटरमध्ये ‘निश्चित मुदत’ हे शब्द आहेत का बघा. मुदतीच्या नोकरीत आता एका वर्षावर ग्रॅच्युइटी मिळते, हे गोड वाटतं, पण मुदत संपली की नोकरीही संपली. प्रोबेशन सहा महिन्यांचं असेल तर त्या काळात तुम्हाला किती दिवसांच्या सूचनेवर काढता येतं ते वाचा. बऱ्याच ठिकाणी सात किंवा पंधरा दिवस असतात. आणि गणपतीच्या सुट्टीचं आत्ताच बोलून घ्या. हसू नका. प्रोबेशनवरच्या माणसाला भाद्रपदात पाच दिवस सोडायला कुणी तयार नसतं, रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि बघता बघता भरतं, आणि खेर्डीच्या घरात गणपती बसवणारे तुम्ही एकटे असाल तर हा प्रश्न पगाराएवढाच मोठा आहे.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वर्ग करा. पाच वर्षांच्या आत काढला तर करपात्र होतो. वर्ग केला तर सेवा सलग धरली जाते, आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षेही त्यातूनच भरतात. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकली का ते बघा, नाहीतर पैसे अडकून बसतात. आई कंपनीच्या मेडिक्लेममध्ये असेल तर ते संरक्षण बहुधा शेवटच्या दिवशीच संपतं. नव्या ठिकाणी आई-वडील धरतात का ते विचारा. नसतील तर नोटीसच्या काळातच वेगळी पॉलिसी बघा, कारण आधीच्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

राहिली कामगारांची पतपेढी. तुमचं कर्ज असेल तर उरलेली रक्कम शेवटच्या हिशोबाच्या वेळी एकदम मागितली जाऊ शकते, आणि हातात किती येतील ते त्यावर ठरतं. त्याहून नाजूक म्हणजे तुम्ही कुणाला जामीन आहात का? नोकरी सोडली म्हणून जामीनकी सुटत नाही. पतपेढीत दुसरा जामीनदार द्यायला लावा आणि मुक्त केल्याचं पत्र सही-शिक्क्यानिशी घ्या. ते पत्र आणि तळोज्याचं सही झालेलं अपॉइंटमेंट लेटर, दोन्ही हातात आल्याशिवाय राजीनामा टेबलावर ठेवू नका. फोनवरचं ‘तुमचं पक्कं आहे’ यावर तर अजिबात नाही.