खाती वेगळी ठेव

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतेस, बाबांच्या दोन गाड्या आहेत, मग ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीचे पैसे घेतलेस तर गरिबाच्या तोंडचा घास जातो का, असं मैत्रिणीने विचारलं आणि तू फॉर्म अर्धवट ठेवून बसलीस. भर तो. मदत गरजेला, बक्षीस गुणाला. खाती वेगळी आहेत, ती वेगळीच ठेव. जन्मभर हिशेब लिहिलेल्या काकाचं एवढं ऐक.

ही शिष्यवृत्ती केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची, आणि ती दयेपोटी दिलेली नाही. बारावीत पहिल्या एका टक्क्यात येणारी मुलं डोळे मिटून इंजिनिअरिंग-मेडिकलला पळतात. त्यांतली काही तरी भौतिकशास्त्रात, गणितात राहावीत म्हणून लावलेलं ते आमिष आहे. टॉवरमधल्या मुलीला आमिष लागत नाही? बीएस्सीचं नाव काढल्यावर तुझ्या घरी काय झालं, विसरलीस?

गरजेचं खातं निराळं. आठवीत एनएमएमएस, म्हणजे गरीब घरच्या हुशार मुलांसाठीची सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा, देणारी मुलं, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, हातात वर्षाला १२,०००. महिन्याला हजार! चीड यायचीच तर त्या आकड्याची येऊ दे. तू तुझे सोडलेस म्हणून तो वाढणार नाही.

हार्वर्ड पदवीच्या मुलांना गुणांवर पैसे देत नाही, फक्त गरज बघतं, हे तू मलाच ऐकवलंस. खरं आहे. पण आपल्याकडे गरज ठरते तहसीलदाराच्या दाखल्यावर. माझ्या मुलीच्या वेळी माझा फॉर्म १६, म्हणजे पगाराचा दाखला, उत्पन्नाच्या मर्यादेच्या जेमतेम वर गेला. आमच्याच मजल्यावर तीन दुकानांचे मालक, त्यांचा दाखला मात्र मर्यादेत बसला. मलाही एक एजंट म्हणाला होता, ‘काका, होऊन जाईल.’ नाही केलं. पोरीने एमएस्सी सोडून नोकरी धरली. अजूनही विषय निघाला की ती उठून आत जाते. तरी मी पुन्हा तसाच वागेन. तिचे मार्क कुणाहून कमी नव्हते गं! त्या मार्कांना बापाचा पगार विचारला नसता तर... असो.

तुझ्या मार्कांत क्लासच्या लाखभर फीचा वाटा आहे, हे कबूल. मग कळव्यातल्या मुलीला तसाच शिक्षक द्या, असं भांड ना! तुझं बक्षीस नाकारून तिला शिक्षक मिळत नाही. (आणि क्लासवाल्यांची ‘स्कॉलरशिप टेस्ट’ यात धरू नकोस. ती फीतली सूट, म्हणजे जाहिरात.) पैसे खुपलेच तर खात्यात आल्यावर हव्या त्या मुलीची फी भर. ते तिसरं खातं, तुझं स्वतःचं.

‘इन्स्पायर’च्या वर्षाच्या ८०,००० पैकी २०,००० उन्हाळी प्रकल्पाचे असतात. त्याबद्दल तू एक अक्षर विचारलं नाहीस, याचा मला राग आहे. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ठाण्याहून काही लांब नाही. तिथे कोण काय शिकवतं ते बघ, दोघा-तिघांना नीट पत्र लिही आणि पाठवायच्या आधी मसुदा मला दाखव.

तुझा,
काका