चाकणला शिफ्टमध्ये नोकरी करून सीसीएनए होईल का? क्लास लावू की डम्प्सवर भागेल?

डम्प्सचं, म्हणजे फुटलेल्या प्रश्नोत्तरांच्या पीडीएफचं, आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातल्या "मित्र म्हणतात डम्प्स पाठ केले की झालं" या ओळीसाठीच मी लिहायला बसलोय. तुमचा मेकॅनिकलचा डिप्लोमा, शिफ्ट ड्युटी, तीन महिने पुरतील का, क्लास लावू का, हे सगळं पुढे येईलच.

तुमचे मित्र खोटं बोलत नाहीत. सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, डम्प्सवर लोक पास होतात. आमच्या घरातच एक आहे.

माझा आतेभाऊ. वयाने मोठा, म्हणून मी दादाच म्हणतो. आम्ही दोघांनी बरोबरच तयारी सुरू केली, जंगली महाराज रस्त्यावरच्या एका क्लासमध्ये. स्विच-राउटर लावलेल्या एका रॅकभोवती अख्खी बॅच उभी असायची आणि त्यांना लॅपटॉप जोडायची कन्सोल केबल ज्याच्या हातात तोच काय तो शिकायचा, बाकीचे त्याच्या खांद्यावरून बघायचे. शेवटी शेवटी सरांनीच सगळ्यांना पीडीएफ वाटली. दादाने ती घेतली, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत एमपीएससीवाल्या पोरांच्या रांगेत बसून घोकली आणि पास झाला. मी तेव्हा वहीत बायनरी गिरवत होतो. गणपतीत सगळ्यांसमोर आत्या म्हणाली, "याचं झालंसुद्धा, तू अजून एक-शून्य एक-शून्यच करतोयस."

त्याच दिवसांत मी दादाला स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचा लूप होऊ नये म्हणून स्विच आपापसांत जादा वाटा बंद ठेवतात ती पद्धत, समजावून सांगायला गेलो होतो. तो म्हणाला, "अरे, त्याच्यावर फार तर दोन प्रश्न येतात. सोडून दे."

पुढे मला नोकरी लागली ती छोट्या कारखान्यांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या एका कंत्राटदाराकडे. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारं एक युनिट आमच्याकडे होतं. ऑफिसात कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा एक गिगाबिट (हजार एमबीपीएसचा) स्विच, शॉपफ्लोअरवर तसाच दुसरा, दोघांमध्ये गिगाबिटची लिंक. ईआरपीचा, म्हणजे कारखान्याचा माल-हिशेब-चलनं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, सर्व्हर ऑफिसच्या स्विचवर. दिवाळीच्या सुट्टीत स्टोअरमध्ये चार कॉम्प्युटर वाढवले आणि त्यासाठी कपाटात पडलेला एक जुना, शंभर एमबीपीएसचा स्विच काढला. वायरमन हौशी. एक लाइन तुटली तर दुसरी असावी म्हणून त्याने त्या स्विचवरून एक केबल ऑफिसला नेली आणि एक शॉपफ्लोअरला.

सुट्टी संपली आणि तक्रार आली. गंमत म्हणजे बंद काहीच नव्हतं. पिंग जात होतं, इंटरनेट चालत होतं, फक्त शॉपफ्लोअरवरून ईआरपी रांगत होता. चलनं निघेनात, गेटवर टेम्पो खोळंबलेले. आमच्याकडून आधी गेले ते सीनियर, ज्यांचं सर्टिफिकेट फ्रेम करून ऑफिसात लावलेलं होतं. त्यांनी सर्व्हर रीस्टार्ट केला. स्विच रीस्टार्ट केले. पॅच कॉर्ड बदलल्या. मग ईआरपीवाल्यांना फोन लावून "तुमचं सॉफ्टवेअर स्लो आहे" म्हणून सांगितलं, आणि ईआरपीवाल्यांनी अर्थातच "तुमचं नेटवर्क स्लो आहे" म्हणून परत आमच्याकडे टोलवलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले तेव्हा मला सोबत नेलं, बॅग धरायला.

बंद पडलेलं नेटवर्क कुणीही शोधून काढतं. हळू झालेलं शोधायला आत काय चाललंय ते माहीत असावं लागतं. शॉपफ्लोअरच्या स्विचवर ऑफिसकडून येणाऱ्या गिगाबिट पोर्टचा दिवा हिरवा नव्हता, नारिंगी होता. लॅपटॉप लावून 'शो स्पॅनिंग-ट्री' मारलं. तो पोर्ट ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे मुद्दाम बंद ठेवलेला. रूट पोर्ट, म्हणजे मुख्य स्विचकडे जाणारा, भलताच, कॉस्ट (वाटेचा खर्च, लिंक मंद तितका जास्त) १९, म्हणजे शंभर एमबीपीएसची लिंक. रूट ब्रिजचा, म्हणजे त्या मुख्य स्विचचा, म्हणून जो मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा कारखान्यातूनच येणारा क्रमांक) दिसत होता तो दोन्ही मोठ्या स्विचपैकी कुणाचाच नव्हता. शेजारी कोण जोडलंय ते दाखवणारं 'शो सीडीपी नेबर्स' केलं, तर त्या पोर्टच्या पलीकडे स्टोअरमधला तो जुना डबा.

घोळ असा होता. रूट कोण ते प्रायॉरिटीवर ठरतं, आकडा लहान तो जिंकतो, आणि प्रत्येक स्विचची प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असते. ती कुणी बदललीच नाही की सगळ्यांची बरोबरी होते, आणि बरोबरी झाली की ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस सगळ्यात लहान तो रूट. जुन्या स्विचचा मॅक बऱ्याचदा लहान निघतो, त्यामुळे सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात मंद स्विच घरचा कर्ता होऊन बसतो. शॉपफ्लोअरच्या स्विचला त्याच्याकडे थेट जायला कॉस्ट १९. ऑफिसवरून वळसा घालायचा तर गिगाबिटचे ४ अधिक पुढचे १९, म्हणजे २३. त्याने थेट रस्ता धरला. ऑफिसच्या स्विचचं गणितही तेच. मधल्या गिगाबिट लिंकवरून रूटकडे जायची दोघांनाही गरज उरली नाही, आणि लूप होऊ नये म्हणून ती एका टोकाला बंद झाली. ईआरपी, प्रिंटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, शॉपफ्लोअरचं सगळं त्या शंभरच्या स्विचमधून ऑफिसला जात होतं.

ऑफिसच्या स्विचवर एक ओळ टाकली, 'स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १ रूट प्रायमरी'. प्रायॉरिटी २४५७६ वर आली. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट उघडताना १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंग चालतं. तेवढा वेळ सगळं ठप्प झालं आणि सीनियर माझ्या नावाने ओरडत होते. मग नारिंगी दिवा हिरवा झाला आणि चलनं छापायला लागली. प्लांट मॅनेजर आला तेव्हा सीनियर म्हणाले, "मीच सांगितलं त्याला तिकडे बघ म्हणून." चहा त्यांनीच घेतला.

घरी येऊन दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. पण परीक्षेत प्रश्न दोनच आले ना?"

तर, तुमचं.

सध्याची परीक्षा २००-३०१. फेब्रुवारी २०२० मध्ये आली. त्याआधी सीसीएनएच्या सात-आठ जाती होत्या, त्या मोडून एकच ठेवली. ऑगस्ट २०२४ पासून अभ्यासक्रमाची १.१ आवृत्ती लागू आहे. वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढेच धरा. पास व्हायला किती मार्क लागतात ते सिस्को जाहीर करत नाही, त्यामुळे "८२५ लागतात" वगैरे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. एकदा पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे येता येत नाही. नापास झालात तर पाच दिवस थांबायचं आणि पूर्ण फी पुन्हा भरायची. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं.

वजन कुठे आहे तेही बघून घ्या: आयपी कनेक्टिव्हिटी २५ टक्के, नेटवर्कची मूलतत्त्वं २०, नेटवर्क अ‍ॅक्सेस २०, सिक्युरिटी १५, आयपी सर्व्हिसेस १० आणि ऑटोमेशन १०. स्पॅनिंग ट्री, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्क), ट्रंक, इथरचॅनेल हे सगळं त्या अ‍ॅक्सेसच्या २० टक्क्यांत. दादासाठी मुद्दाम लिहितोय, वाचत असेल तर.

सबनेटिंग, म्हणजे आयपी पत्त्यांचे गट पाडायचं गणित, तोंडी यायला हवं. कॅल्क्युलेटर मिळत नाही. १९२.१६८.१०.७७/२६ दिसलं की मास्कचा शेवटचा आकडा १९२, २५६ वजा १९२ म्हणजे ६४चे गट, ७७ हा ६४ ते १२७ या गटात. नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट १२७, मधले ६२ पत्ते तुमचे. हे चहा येईपर्यंत व्हायला हवं. तुम्ही मेकॅनिकलवाले, व्हर्नियरवर आयुष्य काढलंय, आकड्यांना घाबरायचं काही कारण नाही. कंपनीच्या बसमध्ये रोज दहा गणितं करा, दोन आठवड्यांत हात बसतो.

आयपी कनेक्टिव्हिटीत लोक आपटतात ते एका गोष्टीवर. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सचे, म्हणजे रस्ता कुणी सांगितला त्यावरून भरवसा ठरवणारे, आकडे (हाताने लिहिलेला स्टॅटिक १, राउटर आपापसांत रस्ते कळवतात त्या ओएसपीएफचा ११०, रिपचा १२०; लहान तो वरचढ) पाठ असतात, पण राउटर आधी बघतो तो सगळ्यात लांब जुळणारा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा, नेटवर्कचा भाग). टेबलमध्ये /२६ ओएसपीएफने आलाय आणि /२४ स्टॅटिक आहे, तर त्या /२६मधल्या पत्त्यासाठी ओएसपीएफच जिंकतो. एकाच प्रीफिक्ससाठी दोन दावेदार असतील तेव्हाच डिस्टन्सचा प्रश्न येतो. राउटिंग टेबल समोर टाकून "हे पॅकेट कुठून जाईल" असं विचारलं की घोकणारा इथेच पडतो. ओएसपीएफचे शेजारी का जुळत नाहीत, हेही स्वतः मोडून बघा: एरिया वेगळा, मास्क वेगळा, हॅलोचा टायमर वेगळा (मुळात १० सेकंद, डेड ४०). एकेक बदला, शेजारी गेला की का गेला ते शोधा, परत आणा.

ऑटोमेशनला फार वेळ देऊ नका. जेसन वाचता आलं, रेस्ट एपीआय म्हणजे काय, कंट्रोलर कशासाठी, एवढं कळलं की दहा टक्के जवळजवळ फुकट आहेत. वायरलेसचंही तसंच, एकदा नीट वाचायचं आणि पुढे जायचं.

क्लासची गरज नाही. पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क उभं करायचं सॉफ्टवेअर, सिस्को नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीवर नोंदणी केली की फुकट मिळतो आणि या परीक्षेला पुरतो. जमलं तर एखाद्या बंद झालेल्या ऑफिसातून भंगारात निघालेला सिस्कोचा २९५० किंवा २९६० स्विच मिळवा. माझ्याकडे आला तो आधीच्या मालकाच्या पासवर्डसकट. मोड बटण दाबून धरून चालू करायचा, 'फ्लॅश_इनिट' द्यायचं, कॉन्फिग टेक्स्टचं नाव बदलून बूट करायचं, एवढ्यात आत शिरलो. मग 'राइट इरेझ' करून रीलोड केला तरी त्यांच्या अकाउंट्सचं, एचआरचं व्हीलॅन जागच्या जागी! व्हीलॅन डॉट डॅट ही फ्लॅशमधली वेगळी फाइल, ती वेगळी उडवावी लागते. हे कुठल्याही पीडीएफमध्ये वाचून डोक्यात राहिलं नसतं.

पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी स्वस्त मिळतील, पण कव्हरवर २००-३०१ आहे का ते बघूनच घ्या. त्याआधीच्या पुस्तकांत फ्रेम रिले आणि ईआयजीआरपीवर पानंच्या पानं आहेत, तुमचा आठवडा खातील.

तीन महिने? रोज दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी जास्त बसणार असाल तर आयटीवाल्याला पुरतात. तुम्हाला चार-पाच धरा. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात नवीन काही वाचू नका, फक्त लॅब करा. झोपेत वाचलेलं राहत नाही, टाइप केलेलं थोडंफार राहतं.

आता काही गोष्टी डम्प्सवाल्यांच्या बाजूनेही लिहायला हव्यात, नाहीतर दादा म्हणेल एकतर्फी लिहिलं. एक, तो आज मगरपट्ट्यात प्रीसेल्सला आहे आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो. दोन, एचआर आधी सर्टिफिकेट बघतं, स्पॅनिंग ट्री नाही, हेही खरं. तीन, क्लास सगळेच वाईट नसतात. घरी बसणं होतच नसेल तर लावा, पण रॅकवर आठवड्यातून किती तास एकट्याला मिळणार ते आधी विचारा आणि फीमध्ये परीक्षेची फी धरली आहे का तेही विचारा, बहुतेकदा नसते. मात्र डम्प्स वापरणं हा परीक्षेच्या कराराचा भंग आहे, सापडलात तर सिस्को निकाल रद्द करू शकते आणि पुढच्या परीक्षांनाही बंदी घालू शकते. दादा सापडला नाही म्हणून तुम्हीही सापडणार नाही, असं काही नाही.

परीक्षेची तारीख आजच घेऊन टाका, नाहीतर अभ्यास दसऱ्यावरून दिवाळीवर आणि दिवाळीवरून मार्चवर जातो. नोंदणीत नाव सेंटरवर दाखवणार त्या ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव मध्ये असेल-नसेल यावरून सेंटरवर अडतं. घरून ऑनलाइन देण्याची सोय आहे, पण चाकणच्या भाड्याच्या खोलीत, एका इन्व्हर्टरवर, नको. सेंटरला जाऊन द्या. आणि घरूनच द्यायची असेल तर निदान गुरुवार घेऊ नका, महावितरणची देखभाल त्याच दिवशी निघते.