एरंडेल पाजलं, आणि आता झोप लागत नाही

‘ताई, आमचा मन्या सहा वर्षांचा बोका आहे. दोनेक आठवड्यांपूर्वी एका रविवारी सकाळपासून तो सारखा शी-शूच्या ट्रेत जाऊन कुंथत होता, मधूनच ओरडत होता. सासूबाई म्हणाल्या, पोट साफ होत नसेल, थोडं एरंडेल दे. मी त्याला धरलं, त्यांनी पाजलं. संध्याकाळी त्याने दोनदा उलटी केली आणि पलंगाखाली जाऊन बसला. मला वाटलं, आता आराम पडला. सोमवारी सकाळी हात लावला तर अंग गार, मान उचलेना. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, लघवी तुंबलीय, दुपारपर्यंत थांबला असता तर हाती लागला नसता. तीन दिवस कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आणि सलाईन. २२ हजार रुपये झाले, माझी भिशीची सगळी रक्कम त्यात गेली.

तो घरी येऊन नऊ दिवस झाले. मी रात्री दर तासाला उठते. तो ट्रेकडे निघाला की माझी छाती धडधडते. नवरा म्हणतो, पुन्हा झालं तर एवढं सगळं नाही करायचं. सासूबाईंशी मी धड बोलत नाही, आणि त्याही मन्याला हात लावत नाहीत. वर्गात शिकवताना डोळे भरून येतात. कुणाला सांगितलं तर म्हणतात, मांजरच तर आहे. मी माझ्या हाताने त्याला मारत होते का?’

(वाईहून एक वाचक)

नाही गं. तू त्याला मारत नव्हतीस.

मांजर शीसाठी कुंथतंय की शूसाठी, हे नुसतं बघून ओळखणं फार अवघड असतं. दोन्ही वेळा ते तसंच पाठ वाकवून बसतं आणि दुखलं की तसंच ओरडतं. ‘पोट साफ होत नाही’ म्हणून दवाखान्यात आणलेला बोका तुंबलेला निघतो, हे डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. एरंडेलाने लघवी तुंबत नाही. ती आधीच तुंबली होती. मात्र मांजराला एरंडेल देऊ नये, जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी जातं. आणि त्यापायी तुमचा एक दिवस गेला, हेही खरं आहे. हे मी गोड करून सांगत नाही, कारण गोड केलेलं उत्तर तू रात्री दोन वाजता मानणार नाहीस.

झालं काय, ते नीट समजून घे. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे अगदी निमुळता असतो. मूत्राशयाला सूज आली की त्या टोकाशी शेंबडासारखा चिकट पदार्थ आणि खड्यांची बारीक रेती जमते, आणि त्याचं बूच बसतं. भाटीचा मार्ग आखूड आणि रुंद असतो, म्हणून तिला हे सहसा होत नाही. बूच बसलं की मूत्राशय फुगून टणक होतं, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, आणि जे लघवीवाटे बाहेर पडायचं ते रक्तात साठतं. त्यात पोटॅशियम वाढतं, आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात. सोमवारी सकाळी मन्या गार पडला होता, मान टाकून होता, त्याचं कारण हेच असणार. पूर्ण तुंबलेला बोका उपचार न मिळाल्यास एक-दोन दिवसांतही जाऊ शकतो. तू सोमवारी सकाळी त्याला हात लावलास, आणि मग ‘शाळेतून आल्यावर बघू’ असं म्हटलं नाहीस. तो आज घरात आहे तो त्यामुळे.

आमच्याकडे एक कुत्री होती. एका उन्हाळ्यात ती खूप पाणी पिऊ लागली, आणि मी कौतुकाने तिचं भांडं दिवसातून चार वेळा भरत राहिले, ऊन आहे म्हणून. तिच्या गर्भाशयात पू झाला होता. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी, नसबंदी न केलेल्या कुत्रीला तो होतो, आणि वाढलेली तहान ही त्याची ठळक खूण, हे मला ऑपरेशनच्या टेबलाशेजारी उभी असताना कळलं. ती वाचली नाही. कितीतरी महिने मला ते भांडं दिसलं की पोटात खड्डा पडायचा. ज्या हाताने पाणी दिलं तो हात प्रेमाचाच होता, हे मला पटायला फार वेळ लागला. तुला एवढा लागू नये म्हणून हे लिहितेय.

आता तुझ्या सासूबाई. त्यांच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मन्याच्या खालोखाल मला काळजी त्यांची वाटते. त्यांनी जन्मभर मांजरं पाहिली असतील ती परड्यातली, गोठ्यातली. ती मांजरं शेतात, उकिरड्यावर जायची, त्यांची शू कुणी कधी बघितली? बोका दोन दिवस दिसला नाही की घरात म्हणायचे, गेला कुठंतरी, बोके काय, जातातच. मला आता वाटतं, त्यातले काही असेच कुठल्या तरी गंजीआड तुंबून गेले असतील. त्या पिढीला हा आजार दिसलाच नाही, आणि पोट बिघडलं की एरंडेल हे औषध मात्र हाताशी होतं. त्यांनी तेच दिलं, आणि तेही मन्यासाठीच.

त्या मन्याला हात लावत नाहीत, यावर तू रागावली आहेस. मला वाटतं त्या स्वतःच्या हाताला घाबरल्या आहेत. तू निदान मला लिहिलंस. त्यांनी कुणाला सांगितलं असेल? आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बस आणि एवढंच म्हण, ‘आई, एरंडेल आपण दोघींनी मिळून दिलं होतं. मी शाळेत असते तेव्हा दुपारी त्याचा ट्रे तुम्ही बघाल का?’ माफी मागायला लावू नकोस, मागूही नकोस. काम दे. दुपारी घरात त्याच असतात, आणि त्या वेळेला मन्याला त्यांच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही.

तर ट्रे. तू सध्या मन्याकडे बघतेस, त्याच्या प्रत्येक पावलाकडे. त्याने तुझी धडधड वाढते आणि कळत काहीच नाही. बघायचं ते ओलं. काही आठवडे साध्या मातीऐवजी, ओली झाली की गोळे होणारी लिटर सँड वापर, म्हणजे शू झाली की नाही यावर वाद राहत नाही. दिवसातून तीन वेळा, सकाळी, दुपारी आणि झोपताना, गोळे मोजून वहीत लिहायचे. धडधाकट मांजर साधारण दोन ते चार वेळा शू करतं. कॅथेटर काढल्यावर काही दिवस थोडी थोडी आणि जास्त वेळा होते, कधी गुलाबीसर दिसते. ते डॉक्टरांना फोन करून सांगायचं, पण त्यासाठी मध्यरात्री धावायची गरज नसते. शू बाहेर येतेय ना, हे महत्त्वाचं.

धावायचं केव्हा? तो ट्रेत पुन्हा पुन्हा बसला आणि सँड कोरडी राहिली तर. सारखं मागे चाटतोय, उलटी करतोय, पोटाला हात लावू देत नाहीये, कोपऱ्यात दडलाय, आणि गोळा नाही, तर घड्याळ बघू नकोस, उचल आणि निघ. पोट दाबून शू करवायला जाऊ नकोस, फुगलेलं मूत्राशय फुटू शकतं. आणि घरातलं काही पाजू नकोस. धण्याचं पाणी, गोखरू, जवाचं पाणी, माणसाला लघवीची जळजळ झाली की आपण हे देतो, पण बूच बसलेल्या जिवात वरून पाणी ओतून काय होणार? शहाळ्याचं पाणी तर मुळीच नको, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि त्याच्या रक्तात आधीच तेच वाढलेलं असतं. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नकोस. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. कपाटाच्या दारावर हे एक वाक्य चिकटवून ठेव, घरातल्या सगळ्यांसाठी.

रोजच्या खाण्यापिण्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेलच. मी एवढंच म्हणेन की नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवू नकोस. ओलं खाणं, नाहीतर चिकन उकडलेलं पाणी, पण त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. पाण्याची भांडी दोन-तीन, वेगवेगळ्या खोल्यांत. आणि एक प्रश्न मला पडलाय, घरात अलीकडे काही बदललं का? रंगकाम, पाहुणे, खिडकीशी येणारा दुसरा बोका, ट्रेची जागा? बोक्यांच्या मूत्राशयाला अशी सूज बऱ्याचदा ताणाने येते, आणि आपल्याला क्षुल्लक वाटणारी गोष्ट त्यांना उलथून टाकते. काही आठवलं तर डॉक्टरांना सांग.

तुझ्या नवऱ्याच्या वाक्याने तू दुखावली आहेस. पण त्याने पैशांइतकंच तुला पाहिलंय, हेही लक्षात घे. तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसलेली तू त्याला पुन्हा बघायची नसेल. तरी त्याने जो विषय काढलाय तो टाळण्यासारखा नाही. हे पुन्हा होऊ शकतं. पहिल्या काही आठवड्यांत धोका जास्त, नंतर कमी होत जातो. अनेक बोके पुन्हा कधी तुंबत नाहीत, काही तुंबतात. हा निर्णय रात्री दोन वाजता, मन्या ओरडत असताना घेतलास तर तू मोडून पडशील. या रविवारी, तो उन्हात पसरलेला असताना, दोघांनी घ्या.

त्याआधी डॉक्टरांना विचारून या. त्याच्या मूत्रपिंडांचे आकडे, म्हणजे क्रिएटिनिन, आता कुठे आहे? पुन्हा पुन्हा तुंबला तर मूत्रमार्गाचं तोंड रुंद करायचं ऑपरेशन असतं. ते कोण करतं, खर्च किती? त्यानंतर बोके चांगले जगतात, मात्र लघवीच्या जंतुसंसर्गाकडे लक्ष ठेवावं लागतं. तुमच्यापासून खंबाटकी घाट ओलांडला की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथल्या दवाखान्यात आताच, निवांत असताना फोन करून विचारा की असं ऑपरेशन होतं का, आणि रात्री-अपरात्री कुणी असतं का. रात्री उघडा असणारा साताऱ्याचा किंवा पुण्याचा एक दवाखानाही हेरून ठेवा. नंबर दोघांच्या फोनमध्ये हवेत.

मग किती रक्कम बाजूला ठेवू शकतो, ते ठरवा. दुसऱ्यांदा कॅथेटर घालू, पण त्यापुढे नाही, असं ठरलं तरी ते क्रौर्य नव्हे. कर्ज काढून मांजर वाचवलं नाही म्हणून तुमचं प्रेम खोटं ठरत नाही. फक्त एक पर्याय कधीच ठेवू नका, ‘घरीच ठेवून बघू’. तुंबून मरणं अतिशय वेदनेचं असतं. उपचार करायचे नाहीत असं ठरलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन त्याला शांतपणे, कायमचं झोपवायचं, आणि तू त्याच्याजवळ थांबायचं. हे लिहिताना माझाही हात जड होतोय. पण हे एकदा स्पष्ट बोललात की पुढच्या रात्री तुला बऱ्या जातील, असं मला वाटतं.

रात्रीची पाळी वाटून घ्या. एक दिवस तू, एक दिवस तो. गजर एकच, दोन वाजताचा, ट्रे बघायचा आणि झोपायचं. ज्या रात्री त्याची पाळी, त्या रात्री मन्या त्याच्या खोलीत. ‘मांजरच तर आहे’ म्हणणाऱ्यांना समजावण्यात सध्या शक्ती घालवू नकोस. सहा वर्षं रोज तुझ्या पायाशी झोपणारा जीव गार पडलेला तू हाताने पाहिला आहेस. त्याने रडू येणारच, वर्गातही येणार. पण महिन्याभरानेही झोप अशीच राहिली, जेवण जाईना, तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांग, किंवा १४४१६ ला फोन कर. ती सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. बोक्यापायी फोन केला म्हणून संकोचू नकोस.

उद्या शाळेतून येताना एक वही आण. पहिल्या पानावर डॉक्टरांचा नंबर सासूबाईंच्या हाताने लिहून घे, आणि दुपारच्या गोळ्यांचा रकाना त्यांचा ठेव. पंधरा दिवसांनी मला पुन्हा पत्र पाठव. त्यात मन्याचं वजन लिही, आणि दुपारच्या रकान्यात काय काय लिहिलं गेलंय तेही.