गारठलेली जास्वंद आत्ताच छाटू नका

तुम्ही लिहिलंय की पहिल्या कडक थंडीच्या रात्रीत दव गोठलं, सकाळी जास्वंद काळी पडली, तुळशीने मान टाकली, आणि आता मेलेला भाग छाटून मुळाशी कोमट पाणी घालायचा विचार आहे. दोन्ही करू नका. कात्री काही आठवडे कपाटातच राहू द्या.

पानं उकडलेल्या पालकासारखी ओलसर, गडद दिसताहेत ना? पेशींच्या मधल्या फटींतलं पाणी आधी गोठतं आणि तो बर्फ पेशीतलं पाणी बाहेर खेचून घेतो. पेशी सुकते, तिचं आवरण फाटतं. ही पानं परत येणार नाहीत. पण वाळून लोंबत राहिली तरी ती खालच्या फांद्यांवर पांघरुणासारखी असतात. मी एकदा घाईने सगळं कापून टाकलं. आठ-दहा दिवस ऊब आली, कोवळे कोंब फुटले आणि पुढच्या गोठणाऱ्या रात्री तेही गेले. मग झाडाकडे काही शिल्लकच उरलं नाही. अजून वाईट वाटतं त्याचं.

जीव आहे का ते बघायचं असेल तर जाड फांदीची साल नखाने जराशी खरवडा. खाली हिरवा, ओलसर पापुद्रा दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडी असेल तर आणखी खाली खरवडून बघा. बुंध्याशी हिरवं असलं तरी पुरे. रात्री उबदार व्हायला लागल्या की तिथवर छाटा. तोवर खत नाही, पाणीही बेताचं. तुळशीची मात्र फार आशा धरू नका, तिला थंडी सोसतच नाही. वाळलेल्या मंजिऱ्या असतील तर बी काढून ठेवा.

कुंडीतल्या झाडाला जमिनीतल्यापेक्षा जास्त सोसावं लागतं, कारण थंडी कडेनेही आत शिरते आणि मुळं फांद्यांइतकी काटक नसतात. म्हणून कुंड्या भिंतीलगत एकमेकींना खेटून ठेवा, नाजूक झाडं मधे. खालच्या ताटल्या रिकाम्या करा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे चिंब भिजलेल्या मातीच्या कुंडीचे पापुद्रे सुटतात, कधी उभी चीर जाते.

आता दिवसाची घडी थोडी बदलावी लागेल. पाणी संध्याकाळी घालत असाल तर ते दुपारी आणा. ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब धरते, पण रात्रभर चिखल नको. अडेनियम (जाड बुंध्यात पाणी साठवणारं फुलझाड) आणि निवडुंग याला अपवाद, ते कोरडेच ठेवा. हवामानाच्या अंदाजात ३-४ अंश दिसले तरी गाफील राहू नका. तो आकडा जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवरच्या हवेचा असतो, आणि आकाश निरभ्र, वारा पडलेला असेल तर खाली पानावर शून्य गाठलं जातं. संध्याकाळी बाहेर उभं राहून चांदण्या स्वच्छ दिसतात का, पान हलतंय का, एवढं बघायची सवय लावा.

पांघरायचं ते सूर्य मावळायच्या आत, म्हणजे मातीत साठलेली ऊब आतच अडकते. जुनी चादर जमिनीला टेकेल अशी सोडा. प्लास्टिक पानांना चिकटलं तर तिथेच पानं जळतात. सकाळी हवा शून्याच्या वर आली की चादर काढा. पूर्वेचं ऊन गोठलेल्या पानांवर थेट आलं तर ती भराभर वितळतात आणि नुकसान वाढतं, म्हणून त्या बाजूला थोडा आडोसा ठेवा.

मेथी, पालक, कोथिंबीर बाहेरच राहू द्या. हलकं गोठणं त्यांना चालतं, पालक तर गोडच होतो. फक्त सकाळी पानं कडक असताना खुडू नका, हात लागताच मोडतात. दुपारी खुडा.

जास्वंद आज रात्रीपासून आत घेणार असाल तर आधी पानांच्या मागे मावा, पिठ्या ढेकूण नाहीत ना ते बघा. हीटरजवळ ठेवू नका. खिडकीशी ठेवा, पण पान काचेला टेकायला नको.