अकरावीला समाजशास्त्र घेतलंयस, तर एवढं ऐक

अगं, "सोपा विषय, पाठ करून होतो" असं तुला सगळे सांगतील. मीही पहिल्या चाचणीला व्याख्या घोकून गेले होते. 'दर्जा आणि भूमिका' यावर पानभर लिहिलं आणि मॅडमनी लाल शाईने समासात एकच शब्द लिहिला, 'उदाहरण?'. त्या दिवशी कळलं की इथे व्याख्या ही फक्त सुरुवात असते.

म्हणून एक वेगळी वही कर. घरात शेवटी कोण जेवतं, लग्नाच्या पंगतीत वाढायला कोण उभं राहतं, एसटीत कोण कोणाला जागा देतं, ते लिहून ठेव. आधी फक्त पाहिलेलं लिही, मत नंतर. मग त्याच्यापुढे पुस्तकातली संज्ञा टाक: सामाजिकीकरण (समाजात वागायला शिकणं), प्राथमिक समूह (घरासारखा जवळचा गट), मानदंड (वागण्याचे ठरलेले नियम). माझी आजी कायम ओट्याशी उभ्याने जेवायची. हे मी अकरावीपर्यंत पाहिलंच नव्हतं गं.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. १९७० मध्ये अमेरिकेत त्यांच्या टिपणांच्या प्रती जळाल्या, तरी त्यांनी आठवणीतून त्या गावावर पुस्तक लिहिलं. इतकं बारकाईने पाहायचं असतं.

विचारवंतांची नावं, सालं परीक्षेआधी आठवडाभरात होतात. प्रकल्प मात्र दिवाळीआधीच सुरू कर. आणि वर्गात जात, धर्म, बाई-पुरुष यांवर बोलणं निघालं की गप्प बसू नकोस. पण शेजारच्या बाकावरचीचं घर वेगळं असेल, तिचंही पूर्ण ऐकून घे.